सगळे सामने जिंकूनही दुसरे: पेन स्टेटचं विजेतेपद पुन्हा पुन्हा का हुकलं?

२०२५च्या मोसमाआधी अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या क्रमवारीत पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचा, म्हणजे पेन स्टेटचा, संघ दुसरा होता. त्याच जानेवारीत राष्ट्रीय स्पर्धेचा उपांत्य सामना अवघ्या तीन गुणांनी गेला होता, त्यामुळे यंदा करंडक येणारच अशी हवा होती. मग सप्टेंबरच्या अखेरीला ओरेगनने हरवलं, पुढच्या आठवड्यात तोवर एकही सामना न जिंकलेल्या यूसीएलएने हरवलं, त्यापुढच्या आठवड्यात नॉर्थवेस्टर्नने एका गुणाने हरवलं आणि १२ ऑक्टोबरला प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांना काढण्यात आलं.

हे पराभव निदान समजतात तरी. जुन्या चाहत्यांच्या बोलण्यात मात्र वेगळीच सालं येतात: १९६८, १९६९, १९७३ आणि १९९४. या चारही मोसमांत पेन स्टेट एकही सामना हरला नाही, बरोबरीतही सुटला नाही. तरी चारही वेळा राष्ट्रीय विजेता दुसराच कुणीतरी ठरला. आपल्याकडे साखळी सामने, बाद फेरी आणि अंतिम सामना यांची सवय असलेल्या माणसाला हे ऐकून पहिली शंका येते ती सांगणाऱ्याबद्दल. पण हे खरं आहे, आणि त्यामागची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे.

खेळाबद्दल लागेल तेवढंच

हा अमेरिकी फुटबॉल. अंडाकृती चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा. मैदान शंभर यार्डांचं, एक यार्ड म्हणजे तीन फूट. हल्ला करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. दहा यार्ड पार केले की नवे चार प्रयत्न, नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण. त्यानंतर बोनसची एक संधी असते: लाथ मारून चेंडू खांबांमधून घालवला तर एक गुण, आणि जोखीम घेऊन पुन्हा रेषेपलीकडे नेला तर दोन. टचडाउन जमत नसेल तेव्हा लांबून लाथ मारून मिळवायचा फील्ड गोल तीन गुणांचा.

आणि हो, ‘कॉलेजची मॅच’ म्हणून हलक्यात घेऊ नका. पेन स्टेटच्या बीव्हर स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात.

विजेता ठरवायचा कुणी?

गोंधळाचं मूळ इथे आहे. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए जवळजवळ प्रत्येक खेळाचा राष्ट्रीय विजेता ठरवते. फुटबॉलच्या सर्वोच्च गटाचा विजेता मात्र तिने कधीच ठरवलेला नाही. या गटात आज १३०हून जास्त संघ आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला नियमित मोसमात बारा सामने येतात. साठ-सत्तरच्या दशकांत दहा-अकराच यायचे. अंगमेहनतीचा खेळ, त्यामुळे आठवड्याला एकच सामना. म्हणजे बहुतेक संघ एकमेकांशी कधी खेळतच नाहीत.

मग श्रेष्ठ कोण हे मतांनी ठरू लागलं. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १९३६पासून क्रीडा पत्रकारांची मतं घेते. १९५०पासून प्रशिक्षकांचा वेगळा कौल सुरू झाला, तो अनेक वर्षं युनायटेड प्रेस ही दुसरी वृत्तसंस्था प्रसिद्ध करायची. आज पत्रकारांच्या कौलात प्रत्येक मतदार पंचवीस संघांची यादी देतो. पहिल्याला पंचवीस गुण, दुसऱ्याला चोवीस, असं करत शेवटच्याला एक. सगळ्यांची बेरीज म्हणजे क्रमवारी. आपल्याकडे अकरावीच्या प्रवेशात एसएससी, सीबीएसई आणि आयसीएसईच्या मुलांची एकच गुणवत्ता यादी लागते, तेव्हा जो वाद होतो तोच इथे. पेपर वेगळे, तपासणारे वेगळे, पण टक्के एका रांगेत.

या पद्धतीत एक अलिखित नियम आपोआप शिरला: वरचा संघ हरल्याशिवाय सहसा खाली येत नाही. म्हणजे मोसमाच्या आधी, एकही सामना झालेला नसताना तुम्हाला कितवं धरलं होतं, त्याची सावली डिसेंबरपर्यंत पडते.

मोसम संपल्यावर जानेवारीच्या सुमारास ‘बोल’ सामने होतात. बोल म्हणजे एखाद्या शहरातल्या आयोजकांनी दोन संघांना बोलावून भरवलेला एकुलता एक मोठा सामना: पॅसाडेनाचा रोझ, मायामीचा ऑरेंज, न्यू ऑर्लीन्सचा शुगर, डॅलसचा कॉटन. संघांचे प्रादेशिक गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात, आणि कोणत्या कॉन्फरन्सचा विजेता कोणत्या बोलमध्ये जाणार याचे करार आधीच झालेले असायचे. पहिला आणि दुसरा संघ एकमेकांसमोर येतील याची कुणालाच फिकीर नव्हती. पेन स्टेटची कहाणी बरीचशी याच करारांची आहे.

१९६८ आणि १९६९: दोन वर्षं, बावीस सामने, बावीस विजय

१९६८च्या मोसमाचा शेवट १ जानेवारी १९६९च्या ऑरेंज बोलने झाला. कॅन्सस १४-७ असा पुढे होता. शेवटची पंधरा सेकंद उरली असताना पेन स्टेटने टचडाउन केला, १४-१३. बरोबरी नको म्हणून दोन गुणांचा प्रयत्न केला. तो फसला आणि कॅन्ससचा जल्लोष सुरू झाला. पण पंचांनी मोजलं तर कॅन्ससचे मैदानावर अकराऐवजी बारा खेळाडू होते. दंड म्हणून प्रयत्न पुन्हा मिळाला, बॉब कॅम्पबेल चेंडू घेऊन आत गेला, १५-१४. हे सगळं होऊनही क्रमांक दुसरा, कारण ओहायो स्टेटही अपराजित होता आणि त्याने रोझ बोलमध्ये दक्षिण कॅलिफोर्नियासारख्या बलाढ्य संघाला हरवलं होतं. त्या वर्षाबद्दल फारशी तक्रार करता येत नाही.

१९६९ची गोष्ट वेगळी. बोलची आमंत्रणं त्या काळी नोव्हेंबरच्या मध्यावर, मोसम संपायच्या आधीच स्वीकारली जायची. तेव्हा ओहायो स्टेट पहिला होता. त्याच्या कॉन्फरन्सच्या नियमामुळे लागोपाठ दुसऱ्या वर्षी त्याला रोझ बोलला जाता येणार नव्हतं आणि दुसऱ्या कुठल्या बोलला जायची परवानगीच नव्हती. म्हणजे पहिल्या क्रमांकाशी भिडायची संधी कुठेच नाही, हे गृहीत धरून पेन स्टेटच्या खेळाडूंनी मायामीचा ऑरेंज बोल निवडला. काही दिवसांतच, २२ नोव्हेंबरला, मिशिगनने ओहायो स्टेटला २४-१२ हरवलं आणि पहिली जागा मोकळी झाली. ती मिळाली टेक्ससला. टेक्ससचा गट आपला विजेता कॉटन बोलला पाठवायचा, आणि पेन स्टेटने नाकारलेला बोल तोच होता.

६ डिसेंबरला टेक्ससने आर्कान्सावर १५-१४ अशी मात केली. (त्याच मोसमात पेन स्टेटनेही सिरॅक्यूजला १५-१४नेच हरवलं होतं, हा आकडा या दोन वर्षांच्या मागेच लागला होता.) सामना बघायला राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन स्वतः गेले होते. त्यांनी टेक्ससच्या खेळाडूंच्या खोलीत जाऊन ‘क्रमांक एक’ची मानपट्टी देऊन टाकली. बोल सामने अजून व्हायचे होते! पेन स्टेटने ऑरेंज बोलमध्ये मिझुरीला १०-३ हरवलं, टेक्ससने कॉटन बोलमध्ये नोत्र दामला २१-१७. अंतिम क्रम: टेक्सस पहिला, पेन स्टेट दुसरा. पेन स्टेटचे प्रशिक्षक जो पटर्नो यांनी १९७३च्या पदवीदान भाषणात याचा हिशेब चुकता केला: राष्ट्राध्यक्षांना १९७३मध्ये वॉटरगेटबद्दल (निक्सन यांना भोवलेल्या राजकीय घोटाळ्याबद्दल) इतकं कमी आणि १९६९मध्ये कॉलेज फुटबॉलबद्दल इतकं जास्त कसं काय माहीत, असं त्यांनी विचारलं.

चाहते निक्सनवर राग काढतात, पण त्यांना मत नव्हतं. खरं नुकसान केलं ते नोव्हेंबरात निवड करायला लावणाऱ्या पद्धतीने, आणि थोडंसं त्या निवडीनेही.

‘सोप्या संघांशी खेळून अपराजित राहिले’, यात तथ्य किती?

हा आक्षेप जुना आहे आणि पूर्ण खोटा नाही. पेन स्टेट तेव्हा कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नव्हता. नेव्ही, मेरीलँड, पिट्सबर्ग, सिरॅक्यूज असे पूर्वेकडचे संघ त्याच्या यादीत भरपूर, आणि पूर्वेचं फुटबॉल मऊ असा देशभर समज. १९७३मध्ये बारापैकी बारा जिंकून, ऑरेंज बोलमध्ये एलएसयूला १६-९ हरवून, सर्वोत्तम खेळाडूचा हाइजमन करंडक जॉन कॅपेलेटीने मिळवूनही संघ पत्रकारांच्या यादीत पाचवा आला. त्याच्या वर असलेल्या ओहायो स्टेट आणि ओक्लाहोमाचे एकेक सामने बरोबरीत सुटले होते, चौथा अलाबामा तर हरलेला होता.

अलाबामाचं प्रकरण मजेशीर आहे. प्रशिक्षकांचा अंतिम कौल त्या वर्षीपर्यंत बोल सामन्यांच्या आधी लागायचा. त्यात अलाबामाला विजेता घोषित केलं. मग शुगर बोलमध्ये नोत्र दामने त्याला २४-२३ हरवलं. विजेतेपद तरी कायम. पुढच्या वर्षीपासून हा कौल बोलनंतर घेऊ लागले. कॉलेज फुटबॉलमधली सुधारणा बहुधा अशीच होते: गेल्या वर्षी जे भोक दिसलं तेवढं बुजवायचं.

समोरासमोर भिडले तेव्हा

१९७८मध्ये सगळं जुळून आलं. पेन स्टेट अपराजित आणि पहिला, अलाबामा दुसरा, आणि शुगर बोलमध्ये थेट गाठ. कॉन्फरन्सच्या करारात अडकलेला नसल्याचा हा फायदा: हवं ते आमंत्रण घेता यायचं.

१ जानेवारी १९७९. चौथ्या, म्हणजे शेवटच्या सत्रात अलाबामा १४-७ पुढे, आणि पेन स्टेट रेषेच्या अगदी तोंडाशी. दुसऱ्या प्रयत्नात स्कॉट फिट्झकीने पास झेलला, पण डॉन मॅकनीलने त्याला रेषेच्या एक यार्ड अलीकडे बाहेर ढकललं. तिसऱ्या प्रयत्नात मॅट सूही गर्दीत अडकला. चौथ्यात माइक गुमनने वरून उडी मारायचा प्रयत्न केला आणि बॅरी क्राउसने त्याला हवेतच थोपवलं. तिथून टचडाउन झाला असता तर बोनसच्या प्रयत्नावर सगळं ठरलं असतं.

इतकंही संपलं नव्हतं. अलाबामाने लाथेने उडवलेला चेंडू फार लांब गेला नाही, पेन स्टेटला उत्तम जागी चेंडू मिळत होता. पण पंचांनी दंड दिला, कारण या वेळी पेन स्टेटचे मैदानावर बारा खेळाडू होते. दहा वर्षांपूर्वी ज्या चुकीने ऑरेंज बोल हातात ठेवला, त्याच चुकीने शुगर बोल नेला. सामना १४-७ असाच संपला. या हुकण्यात मतदारांचा काही दोष नाही. १९८५मध्येही तसंच: अपराजित, पहिला क्रमांक, आणि ऑरेंज बोलमध्ये ओक्लाहोमाकडून २५-१०.

मधल्या काळात दोन विजेतेपदं आली, आणि त्यांचा विरोधाभास बघा. १९८२मध्ये अलाबामाकडून ४२-२१ असा सणसणीत मार खाऊनही, शुगर बोलमध्ये पहिल्या क्रमांकाच्या जॉर्जियाला २७-२३ हरवून पेन स्टेट विजेता ठरला. चार वेळा न हरता जे मिळालं नाही ते एकदा हरून मिळालं. १९८६चा संघ अपराजित होता; फिएस्टा बोलमध्ये मायामीचे पाच पास मधल्या मधे पकडून त्याने १४-१० असा विजय मिळवला. फिएस्टा बोलचा कोणत्याही कॉन्फरन्सशी करार नव्हता आणि दोन्ही संघ स्वतंत्र होते, म्हणून पहिला आणि दुसरा तिथे भेटू शकले.

१९९४: सगळ्यात खोल जखम

स्वतंत्र राहण्याचे असे फायदे असताना पेन स्टेट बिग टेन या कॉन्फरन्समध्ये गेला आणि १९९३पासून तिथे खेळू लागला. निर्णय समजण्यासारखा होता; दरवर्षी ओहायो स्टेट, मिशिगनशी सामने म्हणजे ‘मऊ वेळापत्रका’चा आक्षेप संपला. पण बिग टेनचा विजेता रोझ बोललाच जायचा, आणि तिथे त्याची गाठ पश्चिम किनाऱ्याच्या पॅक-टेन गटाच्या विजेत्याशीच पडायची.

त्याच सुमारास, १९९२पासून, पहिल्या-दुसऱ्याला भिडवण्यासाठी ‘बोल कोअलिशन’ नावाची व्यवस्था आली होती. रोझ बोल, बिग टेन आणि पॅक-टेन तिच्या बाहेर राहिले.

१९९४च्या पेन स्टेटचा हल्ला कॉलेज फुटबॉलमधल्या आजवरच्या सर्वोत्तमांत धरला जातो: केरी कॉलिन्स, की-जाना कार्टर, बॉबी एन्ग्रम, काइल ब्रेडी, सामन्याला सरासरी ४७ गुणांच्या वर. तिकडे नेब्रास्काही अपराजित. निर्णायक आठवडे दोन.

२९ ऑक्टोबरला पहिल्या क्रमांकाच्या पेन स्टेटने ओहायो स्टेटचा ६३-१४ असा धुव्वा उडवला. त्याच दिवशी तिसऱ्या नेब्रास्काने दुसऱ्या कोलोरॅडोला २४-७ हरवलं. पत्रकारांनी नेब्रास्काला पहिला केलं. एरवी वरचा संघ जिंकला की जागेवर राहतो. इथे ४९ गुणांनी जिंकून तो खाली आला.

पुढच्या शनिवारी इंडियानाशी सामना. ३५-१४ अशी आघाडी, राखीव खेळाडू मैदानात, आणि इंडियानाने अखेरीला दोन टचडाउन केले, त्यातला दुसरा अगदी शेवटच्या खेळीवर. धावफलक ३५-२९. सामना न पाहिलेल्या मतदाराला तो काठावरचा वाटला, आणि तोवर पेन स्टेटला पहिला ठेवणारे प्रशिक्षकही नेब्रास्काकडे गेले. त्याच्या पुढच्या आठवड्यात इलिनॉयविरुद्ध २१-० अशी पिछाडी भरून काढत, शेवटी ९६ यार्डांची चढाई करून ३५-३१ असा विजय मिळवला. चाहते त्याला आजही मोसमाचा कळस मानतात, मतदारांनी मात्र ‘पुन्हा थोडक्यात वाचले’ एवढंच पाहिलं.

नेब्रास्काने ऑरेंज बोलमध्ये मायामीला २४-१७ हरवलं. दुसऱ्या दिवशी रोझ बोलमध्ये कार्टर पहिल्याच खेळीवर ८३ यार्ड धावला आणि पेन स्टेटने ओरेगनवर ३८-२० असा विजय मिळवला. पत्रकारांच्या अंतिम कौलात पहिल्या क्रमांकाची साडेएक्कावन्न मतं नेब्रास्काला, साडेदहा पेन स्टेटला. एका मतदाराने आपलं मत अर्धं-अर्धं वाटलं होतं.

पण नेब्रास्काही अपराजितच होता ना?

होता, आणि तेरा सामने जिंकला होता. तो नालायक होता असं कुणी जाणकार म्हणत नाही. प्रशिक्षक टॉम ऑस्बर्न यांचं विजेतेपद आदल्या वर्षी फ्लोरिडा स्टेटकडून १८-१६ आणि १९८३मध्ये मायामीकडून ३१-३० असं निसटलं होतं. ती सहानुभूती मतांत उतरली असणार, असं मला वाटतं. चाहत्यांचं म्हणणं इतकंच की विजेतेपद वाटून द्यायचं होतं. १९९०मध्ये कोलोरॅडो आणि जॉर्जिया टेक, १९९१मध्ये मायामी आणि वॉशिंग्टन असे दोन-दोन विजेते झाले होते. पण ती वाटणी कुणी ठरवून केलेली नव्हती. दोन कौलांनी दोन वेगळी नावं दिली म्हणून झाली. १९९४मध्ये दोन्ही कौल एकाच बाजूला गेले आणि पेन स्टेट मोकळ्या हाताने राहिला. स्वतंत्र असता तर नेब्रास्काशी थेट सामना झाला असता. १९८२ आणि १९८६ ज्यामुळे मिळाले, तेच सोडून दिल्यावर १९९४ गेलं.

आता बाद फेरी आहे, मग तक्रार मिटली?

१९९८मध्ये रोझ बोल आणि बिग टेनसह सगळे एका छताखाली आले. कौल आणि संगणकी क्रमवारी मिळवून पहिले दोन संघ अंतिम सामना खेळू लागले. त्या काळात पेन स्टेटची वाट मैदानावरच अडली: २००५मध्ये मिशिगनने शेवटचं एक सेकंद असताना टचडाउन करून २७-२५ हरवलं, २००८मध्ये आयोवाने शेवटच्या क्षणी फील्ड गोल मारून २४-२३.

२०११मध्ये माजी सहायक प्रशिक्षक जेरी सँडस्की याच्यावर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचे आरोप ठेवले गेले, पटर्नोंना पदावरून काढलं गेलं आणि पुढच्या वर्षी सँडस्की दोषी ठरला. त्यानंतर जुने मोसम आठवताना पटर्नोंचं नाव पूर्वीसारखं निर्धास्तपणे घेता येत नाही, आणि ते बरोबरच आहे.

२०१४पासून चार संघांची बाद फेरी आली, संघ निवडायला समिती आली. २०१६मध्ये पेन स्टेटने ओहायो स्टेटला २४-२१ हरवलं आणि बिग टेनचं विजेतेपदही जिंकलं. समितीने घेतलं ओहायो स्टेटला, कारण त्याचा एकच पराभव होता आणि पेन स्टेटचे दोन, त्यातला मिशिगनविरुद्धचा ४९-१० असा. ओहायो स्टेट उपांत्य फेरीत ३१-० असा हरला. चाहते हा आकडा अजून तोंडावर फेकतात. पण समितीने ठरवलं तेव्हा तो घडलेला नव्हता, आणि दोन पराभवांचा मुद्दा खोडता येत नाही.

२०२४पासून बारा संघ. पेन स्टेटने घरच्या मैदानावर एसएमयूला ३८-१०, मग बॉयझी स्टेटला ३१-१४ हरवलं. उपांत्य फेरीत नोत्र दामशी २४-२४ अशी बरोबरी असताना ३३ सेकंद उरली होती. ड्रू अॅलरचा पास प्रतिस्पर्ध्याने पकडला आणि सात सेकंद बाकी असताना ४१ यार्डांवरून फील्ड गोल बसला. २७-२४. या वेळी मतं नाहीत, करार नाहीत, राष्ट्राध्यक्ष नाहीत.

मग १९९४ आपणच आपल्या नावावर लावलं तर?

लावता येतं, हीच गंमत. अधिकृत विजेता ठरवणारं कुणी नसल्यामुळे कोणत्याही विद्यापीठाला आपली विजेतेपदं स्वतः मोजता येतात. एनसीएएच्या विक्रमपुस्तिकेत निरनिराळ्या निवडकर्त्यांच्या नोंदी आहेत, आणि १९९४साठी न्यू यॉर्क टाइम्सची संगणकी क्रमवारी आणि सॅगरिनची गणिती क्रमवारी यांच्या नावापुढे पेन स्टेट छापलेलं आहे. अलाबामा १९४१ मोजतो, त्या वर्षी तो पत्रकारांच्या यादीत विसावा होता. ऑबर्नने तर २०२५मध्ये जुनी काही वर्षं आपल्या खात्यात जमा केली, त्यात २००४ आहे, जेव्हा तो अपराजित राहूनही अंतिम सामन्याबाहेर ठेवला गेला होता.

त्यामुळे १९९४वर हक्क सांगायला पेन स्टेटला कुणाची परवानगी लागत नाही; क्रीडा विभागाचा एक निर्णय आणि स्टेडियमच्या भिंतीवर चार आकडे पुरे. विरोध करणाऱ्या चाहत्यांचा मुद्दा असा की मग १९६९ का नको, १९७३ का नको, आणि अलाबामाच्या १९४१ला हसायचा हक्क कुठे राहिला? विद्यापीठ आजही दोनच विजेतेपदं मोजतं: १९८२ आणि १९८६.